खिडकीसमोरच्या चार बाटल्या

ओराली ड्युगा हिला हमिंगबर्ड कधीच गोंडस वाटले नाहीत. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आखात ओलांडून दमलेले लाल गळ्याचे नर आमच्या गावात उतरत आणि त्यांच्या मागोमाग शहरातून कॅमेरेवाले येत. ओरालीच्या अंगणाची कीर्ती तोवर पसरलेली होती. पाहुणे दबल्या आवाजात 'किती नाजूक' म्हणत, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारातून सुनावी, "नाजूक कसले? जवळ जाऊन बघा. एकमेकांचे डोळे काढायला टपलेत." यात तक्रारीचा सूर नसे. त्या पाखरांच्या अंगात भरलेले वैर हीच तिला त्यांच्यातली पाहण्याजोगी गोष्ट वाटे. दीड नाण्याच्या वजनाचा जीव, पण दुसऱ्याला घोटभर साखरपाणी मिळू नये म्हणून दिवसभर उपाशी राहून पहारा देतो, हे ती मोठ्या कौतुकाने सांगे.

सव्वीस वर्षे ती गावच्या शाळेच्या स्वयंपाकघराची मुख्य होती. चारशे मुलांचे जेवण अकराच्या ठोक्याला तयार ठेवणारी, आणि हाताखालच्या बायकांना त्याची पुरेपूर किंमत मोजायला लावणारी. नवरा वारला, मुलगा ह्यूस्टनला गेला, आणि निवृत्तीनंतर हुकूम करायला माणूस उरले नाही, तेव्हा तिने बाटल्या टांगल्या. चार बाटल्या, एका तारेवर, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. चार वाट्या पाण्याला एक वाटी साखर. रंग नाही, मध नाही, दर तिसऱ्या दिवशी उकळत्या पाण्याने धुलाई. गल्लीतल्या बाकीच्या घरी एक बाटली पुढे आणि एक मागे असे. दांडगा नर एका वेळी एकाच बाजूला पहारा करू शकतो, मागच्या बाटलीवर दुबळ्यांचे निभते, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. ओरालीला ते मान्य नव्हते. मागची बाटली खिडकीतून दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या भांडणात तिला रस नव्हता. त्यामुळे चारही बाटल्यांवर एकाच नराचे राज्य चाले आणि ते ती कॉफी पीत पाहत बसे.

आमच्याकडे जुनी समजूत अशी की सप्टेंबर सरला की बाटल्या उतरवाव्यात, नाहीतर पाखरे लोभाने अडकतात आणि थंडीत मरतात. बहुतेक घरे अजून तसेच करतात. सात वर्षांपूर्वी शेजारच्या लुरिन फॉन्टनो हिने कुंपणापलीकडून ओरालीला बाटल्या उतरवायची आठवण केली, आणि केवळ लुरिनने सांगितले म्हणून ओरालीने त्या उतरवल्या नाहीत. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्यावर एक वेगळेच पाखरू आले. पाठीवर हिरवी झाक, कुशीत तांबूस रंग, शेपटीच्या मुळाशी विटकरी. दूर वायव्येकडच्या पहाडांत उन्हाळा काढणाऱ्या जातीची ती मादी होती. असली पाखरे हिवाळ्यात आमच्या किनाऱ्यावर येतात हे तज्ज्ञांना माहीत होते, पण आमच्या गल्लीत ते कुणी पाहिले नव्हते.

म्हणून त्या जानेवारीत एमस ट्रॅहॅन आला. आयुष्यभर त्याने बोटबांधणीच्या कारखान्यात वेल्डिंग केले, आणि उरलेल्या वेळात सरकारी परवाना घेऊन हिवाळी हमिंगबर्डच्या पायांत कड्या घातल्या. कडी म्हणजे ॲल्युमिनियमचा तांदळाच्या कणीएवढा छल्ला. त्यावर एक अक्षर आणि पाच आकडे, तेही भिंगातूनच वाचता येणारे. तो येणार असला की त्या दिवशी सगळी गल्ली आपापल्या बाटल्या उतरवून आत ठेवते, म्हणजे भुकेले पाखरू पिंजऱ्यातल्या एकमेव बाटलीकडे वळते. पिंजऱ्याचे दार दोरीने उघडे धरायचे, पाखरू आत गेले की दोरी सोडायची. कडी घालून किंवा वाचून झाली की ज्याचे अंगण त्याच्या तळहातावर एमस पाखरू ठेवी. आपण मोकळे झालो हे पाखराच्या लक्षात यायला काही क्षण लागतात. तेवढा वेळ ते हातावर पडून असते आणि त्याच्या छातीची धडधड कातडीला कळते. नोंदीत त्या अंगणवाल्याचे नाव जाते. त्या वर्षी ओरालीच्या हातावर ती मादी नऊ सेकंद होती. कडीचा नंबर तिने त्याच दिवशी पाठ केला.

पुढच्या वर्षी आणि चौथ्या वर्षी तीच मादी पुन्हा पकडली गेली, नंबर जुळला. नंतर मात्र योग आला नाही. पाचव्या हिवाळ्यात ती पिंजऱ्याकडे फिरकली नाही, सहाव्यात एमस हृदयाच्या दुखण्याने इस्पितळात होता. तरी दर ऑक्टोबरला त्याच आठवड्यात, ओरालीच्या मोसंबीच्या झाडाच्या त्याच वाळक्या फांदीवर एक तांबूस मादी येऊन बसे, आणि ओराली गल्लीला बजावून सांगे की ही तीच आहे. ही जात सात हिवाळे क्वचितच पाहते. लुरिनने गल्लीभर सांगून ठेवले होते, "फांदी तीच, पाखरू वेगळं. ओरालीचं पाखरू केव्हाच मेलं. आता दिसेल त्या तपकिरी चिमणीला ती आपली म्हणते."

लुरिनला असे बोलण्याचा अधिकार होता, निदान तिला तसे वाटे. चार वर्षे ती शाळेच्या स्वयंपाकघरात ओरालीच्या हाताखाली होती. एका सकाळी तिच्या हातून मैदा आणि तेल परतताना करपले. आमच्याकडच्या रश्श्याचा पाया तोच, आणि तो करपला की सगळे हंडे वाया. ओरालीने तिला ते भांडे हातात देऊन मुलांच्या रांगेसमोर, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभे केले. जेवणाची घंटा होईपर्यंत लुरिन उभी राहिली, मग भांडे तिथेच ठेवून निघून गेली आणि परत आली नाही. पुढे ओरालीच्या शेजारचे घर विकायला निघाले तेव्हा गावात इतर चार घरे रिकामी असताना तिने नेमके तेच घेतले. राहायला आली त्या दिवसापासून तिने ओरालीच्या नावाआधीचे मानाचे 'मिस' सोडून दिले. आमच्या गावात वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणे हे दारावर थुंकण्यासारखे आहे.

तिनेही बाटली टांगली, आणि पाण्यात बाजारचा लाल रंग घातला. ओराली तिला कुंपणापलीकडून 'विषारीण' म्हणू लागली.

या सातव्या हिवाळ्यात एमसने निरोप पाठवला की ही त्याची शेवटची फेरी. त्याचा उजवा हात थरथरू लागला होता. काडीपेक्षा बारीक पायाला थरथरत्या हाताने कडी घालणे म्हणजे पाय मोडणे. म्हणून नव्या कड्या त्याने आधीच बंद केल्या होत्या, आता फक्त जुन्या वाचणार होता, आणि महिनाअखेर परवाना परत करणार होता. त्याच्या जागी येणारे आमच्या टापूत कुणी नव्हते. ओरालीने हिशेब सरळ केला. या फेरीत नंबर वाचला गेला तर ती खरी. नाही गेला तर लुरिनचे बोलणे गल्लीत कायमचे खरे ठरणार.

दिवस गोठवणारा होता. सकाळी सातला एमस आला तेव्हा गवतावर हिम होते. गल्लीतल्या बाटल्या आदल्या संध्याकाळीच आत गेल्या होत्या. मी समोर राहतो. एमसच्या हातामुळे दोरी धरायला मला बोलावले होते. ओरालीने चार बाटल्या उतरवल्या, एमसने पिंजरा तारेवर अडकवला, आणि आम्ही तिघे स्वयंपाकघरात खिडकीशी बसलो. शेगडीवर कोंबडीचा गंबो, म्हणजे आमच्याकडचा तो दाट रस्सा, शिजत होता. एमसला काम झाल्याखेरीज ती वाढत नसे.

पहिला आत शिरला तो राज्यकर्ता. त्या वर्षी चारही बाटल्यांवर एका मोठ्या, लाल चोचीच्या, पिवळट पोटाच्या नराचा ताबा होता. ओरालीचे त्याच्यावर फार प्रेम होते. मी दोरी सोडली, एमसने त्याला काढून सोडून दिले. पाच मिनिटांत तो पुन्हा पिंजऱ्यात. एमस हसला आणि म्हणाला की याला आत टाकल्याशिवाय दुसरं कुणी येणार नाही. त्याने नराला मलमलीच्या पिशवीत घालून थोडा वेळ खुंटीला लावले. पिशवी खुंटीवरून आमच्यावर चिडचिडत होती.

आठ वाजता तांबूस मादी मोसंबीच्या फांदीवर दिसली. ओराली खुर्चीवरून उठली नाही, पण कॉफीचा कप तिने खाली ठेवला. मादीने शेपटी पसरली, मिटली, पिंजऱ्याकडे पाहिलेही नाही, आणि सरळ कुंपण ओलांडून लुरिनच्या शेडमागे गेली. मिनिटभराने परत येऊन त्याच फांदीवर बसली. पोट भरलेले पाखरू कसे बसते ते आम्हा तिघांनाही कळत होते. आणखी दहा मिनिटांनी तिने पुन्हा तेच केले.

एमस सौम्य माणूस. त्याने विचारले, "मिस ओराली, ही इथे प्यायला येते ते शेवटचं कधी पाहिलंत?"

ओरालीने आठवून पाहिले. फांदीवर तर ती रोज दिसे. बाटलीकडे झेपावताना आणि नराने हुसकावल्यावर पळताना दिसे. पण चोच बाटलीला लावलेली? ते तिने सांगितले नाही. ती म्हणाली, "मी काय चोवीस तास खिडकीत बसलेली असते?" वस्तुतः ती बसलेली असे.

एमस टोपी घालून शेजारी गेला, मागोमाग मी. लुरिन शेडपाशी उभीच होती, बहुधा सातपासून. शेडच्या मागे, कॅमेलियाच्या दाट झुडपात, रस्त्यावरून आणि ओरालीच्या खिडकीतून मुळीच दिसणार नाही अशा जागी लाल पाण्याची बाटली लटकत होती. एमसने विनंती केली की अर्ध्या तासासाठी ती आत न्यावी, सगळी गल्ली नेते. लुरिन म्हणाली की सगळ्या गल्लीकडे ते पाखरू जेवत नाही, तिच्याकडे जेवते. चार वर्षे जेवते आहे, कारण ओरालीने आपल्या अंगणात गुंड पाळला आहे. थंडीच्या सकाळी पाखराचे ताट तिने का उचलावे?

तोवर ओराली कुंपणाशी आली होती. जाळीचे कुंपण छातीइतके उंच. तिने ते दोन्ही हातांनी धरले.

"तर तूच चोरलंस."

"चोरायला ते तुझं होतं कुठं? तुझं तर मेलंय ना, ओराली? का जिवंत आहे? आधी सिद्ध कर."

"तुझ्या रंगाच्या पाण्यावर ती जगली तेच नवल."

"तुझ्या साध्या पाण्यावर जगली असती, पण ते तिला मिळालं कुठं?"

यावर ओरालीने नजर खाली वळवली. मी त्या गल्लीत एकोणीस वर्षे राहतो. असे झालेले मी तेव्हाच पाहिले.

लुरिन मग एमसकडे वळून अगदी सभ्यपणे म्हणाली की नंबर वाचायचाच असेल तर पिंजरा इकडे आणावा. तिची बाटली पिंजऱ्यात ठेवता येईल, पाखरू पाच मिनिटांत येईल. अट इतकीच, की अंगण तिचे, म्हणून नाव तिचे, हातही तिचाच. आणि ओराली कुंपणाच्या त्या बाजूलाच उभी राहील. "तिला हे नवं नाही," लुरिन म्हणाली, "माणसाला दाराबाहेर कसं उभं करायचं ते तिनंच शिकवलंय मला."

एमसला हे आवडले नाही. ओरालीला ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणाला की राहू दे, नंबर न वाचता काही आकाश कोसळत नाही. शिवाय या थंडीत पाखरू हाताळू नये तेच बरे. ओरालीला सुटायला त्याने वाट करून दिली होती. ओरालीने ती घेतली असती तर पाखरू तिचेच राहिले असते, निदान बोलण्यापुरते: न वाचलेला नंबर कुणी खोटा ठरवू शकत नाही. 

"पिंजरा ने तिच्याकडे," ती म्हणाली. ती मला सांगत होती, एमसला नव्हे. "आणि दोरी नीट धर. वेंधळ्यासारखी सोडू नकोस."

लुरिनने सांगितल्याप्रमाणे घडले. तिची बाटली पिंजऱ्यात गेली, तीच जागा, तोच हूक, त्यावर पिंजरा. आणि मादी साडेचार मिनिटांत कॅमेलियातून उतरून, एकदा घुटमळून, आत गेली. मी दोरी सोडली. एमसने डाव्या हाताने तिला काढले, दोन बोटांत मान आणि तळव्यात अंग, पन्नास वर्षांच्या सवयीची पकड. डावा हात स्थिर होता. पण उजव्या हातातले भिंग इतके हलत होते की त्याला कडीवरचे आकडे नुसते नाचताना दिसत. त्याने भिंग माझ्याकडे दिले.

पायाला कडी होती. जुनी, कडा झिजलेल्या. एवढे मी म्हणताच कुंपणावरून ओरालीचा आवाज आला.

"थांब. तू बोलू नकोस. मी सांगते, तू फक्त हो-नाही म्हण. एच."

"हो."

"पाच."

"हो."

"आठ. दोन."

भिंगाखाली ते आकडे एकेक करून सरकत होते. "हो. हो."

"शून्य."

यानंतरचा आकडा झिजला होता. मला तो सहाही वाटला, आठही वाटला. एमसने पाय अगदी हलके वळवला, उजेड आडवा आला आणि खालचे पोट तेवढे गोल दिसले, वरचे उघडे.  लुरिन माझ्या खांद्याशी येऊन वाकून पाहत होती. चष्म्याशिवाय तिला काय दिसणार, पण ती पाहत होती.

"सहा," ओराली म्हणाली.

"हो."

 एमसने पाखराला एका नळकांड्यातून घोटभर साखरपाणी पाजले. थंडीत सोडण्याआधी ते पाजावे लागते. मग त्याने सांगितले की सात हिवाळे, आणि पहिल्यांदा पकडली तेव्हाच पूर्ण वाढलेली होती, म्हणजे आठव्या वर्षात तरी आहे. पन्नास वर्षांत त्याच्या हातून इतके म्हातारे पाखरू गेले नव्हते. "मिस ओराली," तो कुंपणाकडे पाहून म्हणाला, "तुम्ही बरोबर होतात."

"मला माहीत होतं," ओराली म्हणाली. "तुम्ही तिला सांगा."

"मला ऐकू येतं," लुरिन म्हणाली. "तू बरोबर होतीस. आता माझं कुंपण सोड."

ओरालीने कुंपण सोडले नाही. एमसने लुरिनला हात पुढे करायला सांगितले. तिने तो आधी झग्याला पुसला. मग पुढे केला खरा, पण बोटे आपसूक वर वळलेली, ओंजळीसारखी. पाखरू बोटांच्या कोंडीत ठेवले तर दचकून पंख आपटते, कधी पिसे मोडतात. एमस काही म्हणणार तोच ओरालीचा आवाज आला, शाळेच्या स्वयंपाकघरातला, चाळीस फुटांवरचे झाकण जागेवर ठेवायला लावणारा.

"हात सपाट. बोटं सरळ कर. सरळ म्हणजे सरळ."

लुरिनची बोटे सरळ झाली. तिच्या चेहऱ्यावर जो संताप चढला तो तिला कुठे ठेवता येईना, कारण हात हलवण्याची सोय नव्हती. एमसने मादी तळहातावर ठेवली. ती कुशीवर पडून राहिली. मी सेकंद मोजले नाहीत, पण नऊच्या पुष्कळ वर गेले असावेत. लुरिनचे तोंड किंचित उघडे राहिले. चार वर्षे जिला पाजले तिला तिने हातात पहिल्यांदाच घेतले होते. ओराली पाखराकडे पाहत नव्हती. ती लुरिनच्या बोटांवर नजर रोखून होती, आणि ती बोटे तेवढ्यासाठी ताठ राहिली. मग हात रिकामा झाला. मादी कुठल्या बाजूला गेली ते आमच्यापैकी कुणी पाहिले नाही.

"सिगारेटचा वास असतो त्या हाताला," ओराली म्हणाली आणि घरात गेली.

एमसने गंबो दोनदा वाढून घेतला. खुंटीवरच्या नराला त्याने पाणी पाजून आधीच सोडले होते. खाताना त्याने नोंदीचा कागद काढला आणि सुचवले की जागा फॉन्टनो यांचे अंगण अशी लिहावी लागेल, पण खाली एक ओळ घालता येईल, की मूळ कडी ड्युगा यांच्या अंगणात घातली होती आणि पाखरू मुख्यतः तिथलेच.

"मुख्यतः कुठलं? ती जेवते तिकडे. जे आहे ते लिहा," ओराली म्हणाली. "आणि तिच्या नावाचं स्पेलिंग तिला विचारून घ्या. चुकलं तर म्हणेल मी सांगितलं."

एमस निघताना दारात रेंगाळला. एक बाटली मागे टांगा, तो म्हणाला, पाण्याच्या पंपाच्या बाजूला, नराच्या नजरेआड. दोन दिवसांत ती तिकडे येऊ लागेल, तीन दिवसांत लुरिनकडे जायची नाही. पाखरांना लाल पाण्याचे काही कौतुक नसते, त्यांना निवांत जेवायला मिळाले की पुरे. ओरालीने त्याचे आभार मानले, त्याच्या हातात उरलेल्या गंबोचा डबा दिला आणि औषधे वेळेवर घ्यायला बजावले. ती त्याला पुन्हा भेटणार नव्हती, आणि हे दोघांनाही ठाऊक होते.

तो गेल्यावर तिने चारही बाटल्या ताज्या पाण्याने भरल्या. मला वाटले, तीन पुढे जातील आणि एक मागे. मी मदतीला बाटली उचलून मागच्या दाराकडे निघालोही. तिने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"मागं कशाला? मागच्या दारानं कुणाला चोरून वाढायचंय का मला?" ती म्हणाली. "प्यायचं असेल तर पुढं येऊन प्यावं."

चारही बाटल्या खिडकीसमोरच्या तारेवर गेल्या. लाल चोचीचा नर दोन मिनिटांत येऊन तारेच्या मधोमध बसला, सकाळच्या अपमानाने पिसे फुगवून. ओरालीने खुर्ची खिडकीजवळ ओढली, थंड झालेली कॉफी पुन्हा गरम केली आणि बसली. शेडच्या बाजूने लुरिन कॅमेलियात लाल बाटली लावत असल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने मोसंबीच्या फांदीवरून काहीतरी तपकिरी निघून कुंपणापार गेले. ओरालीने मान वळवली नाही. तारेवरचा नर त्याच्यामागे कुंपणापर्यंत धावून गेला आणि परत आपल्या जागेवर येऊन बसला.

"शाबास," ती म्हणाली.